रिनाचा दगड

विश्वास ठेवायचा तर ठेवा. खोटं लिहून मला काय मिळणार? उलट यात माझीच लाज जाते.

मी एकता. शहाद्याला आमचं कापडाचं दुकान आहे. ही गोष्ट याच वर्षीची, आषाढातल्या एका शनिवार-रविवारची. धडगावच्या पुढे नर्मदेत धरणाचं पाणी पसरलंय. त्यात जुनी गावं बुडाली आणि डोंगरांची टोकं तेवढी वर राहिली. तशाच एका बेटावर आम्ही तिघं ट्रेकला गेलो होतो.

मी, माझा नवरा मयंक... आणि रिना.

रिना मयंकची कॉलेजातली मैत्रीण. पावरा आदिवासी घरातली, धडगावजवळच्या एका शाळेत शिकवते. "फक्त मैत्रीण," असं मयंक म्हणायचा. मी विचारलेलं नसतानाही म्हणायचा.

नाव चालवणारा दलसिंग बुडालेल्या गावातलाच म्हातारा. बेटावर उतरताच त्याने आम्हाला एकेक दगड काठावर ठेवायला लावला. निघताना प्रत्येकाचा तोच दगड उचलून पाण्यात टाकायचा.

"नही उचला तं डोंगरले वाटस, मानूस आठेच ऱ्हावाले उना."

म्हणजे आपण इथेच राहायला आलो, असं डोंगराला वाटतं. मला हसू आलं. रिनाला नाही आलं. तिने शोधून एक पांढरा दगड ठेवला.

दुपारपासून पाऊस जो लागला, तो थांबेचना.

मी महागडे बूट घालून पावलापावलाला घसरत होते. रिना प्लास्टिकच्या चपलांत भराभर चढत होती. मयंक म्हणाला, "बघ, शिक काहीतरी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री बेटावरच्या एका झोपडीत दोघं जुन्या गप्पा मारत बसले. मी पाठ फिरवून पडले होते, जागीच.

रविवारी उतरताना रिनाचा पाय मुरगळला. मयंकने तिला पाठीवर घेतलं.

आणि ती हसत होती. पाय एवढा सुजलेला, आणि बाई हसतायत.

नावेपाशी आल्यावर ती म्हणाली, "भाभी, मन्हा दगड लई येशात का? पांढरा शे, तोच."

मी दगड आणायला गेले. माझा उचलला, मयंकचा उचलला. तिच्या दगडाकडे हात नेला... आणि सहज मागे पाहिलं.

मयंक माझ्या बॅगेतली ओढणी काढून तिचं तोंड पुसत होता.

मी शेजारचा कुठलातरी दगड उचलला. पांढरा तिथेच ठेवला.

मला काही भुताखेतांवर विश्वास नव्हता हो. फक्त तिची एक गोष्ट तरी माझ्या हातून मोडावी, एवढंच वाटलं.

"सगळास्ना दगड उना का?" दलसिंगने विचारलं.

"हो," म्हणत मी तिन्ही दगड पाण्यात टाकले. नाव निघाली.

थोडं पुढे गेलो, आणि पाऊस एकदम थांबला. वारा नाही. पाखरू नाही. फक्त इंजिनचा आवाज.

मग काठावरून...

हसण्याचा आवाज आला.

रिनाचं हसू. मी कितीही गर्दीत ओळखेन, इतका राग होता मला त्या हसण्याचा.

मी रिनाकडे पाहिलं. ती समोरच बसली होती. ओठ मिटलेले.

"मयंक... थांब ना..."

काठ रिकामा होता. मयंकची मान वळली.

"मांगे नका दखू," दलसिंग पुटपुटला. मग माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "ताई... सगळास्ना दगड उना ना?"

अजून वेळ होता. नाव वळवता आली असती. पण रिनाचं डोकं मयंकच्या खांद्यावर होतं.

मी परत "हो" म्हणाले.

आठ दिवसांत रिनाचा पाय बरा झाला. पण ती हसत नाही. बोलत नाही. शाळेत खुर्चीवर बसून राहायची, म्हणून तिला रजेवर पाठवलं. मी भेटायला गेले, तर तिचे केस ओले होते. पंधरा दिवस घरात, छपराखाली बसलेली... तरी ओले. घरचं कुत्रं तिच्या वाऱ्याला उभं राहत नाही.

तिची आई फुलीबाई मला म्हणाली, "पोर आठे बठेल शे. पन पोर आठे नही शे."

मी घरी येऊन दलसिंगला फोन लावला. सगळं खरं सांगितलं.  तो म्हणाला, दगड अजून तिथेच आहे. पण पाणी रोज चढतंय. काठ बुडाला की मग कुणाच्याच हातात काही नाही. आणि जिने तो सोडला, तिनेच उचलायला हवा.

याला तीन आठवडे झाले.

मी गेलेली नाही.

रोज ठरवते. मग वाटतं, ती परत आली की परत हसेल. इथे, मयंकच्या समोर. आणि माझे पाय जागचे हलत नाहीत. फुलीबाईचं तोंड आठवलं की रडू येतं, तरी हलत नाहीत.

मला वाटलं होतं, आता मयंक तरी माझा राहील.

तो रिनाला भेटायला एकदाही गेला नाही. तिची चौकशीसुद्धा करत नाही. पण दर शनिवारी बेटावर जातो. एकटाच. चिंब भिजून येतो आणि गुणगुणत अंग पुसतो.

काल दलसिंगचा फोन आला होता. पाणी चढत चढत दगडापासून हातभरावर आलंय.

आज शनिवार आहे. सकाळपासून पाऊस कोसळतोय. मयंक लवकर उठला आणि त्याने स्वतःच डबा भरला. दोघांचा.

"दोघांचा कशाला?" मी विचारलं.

तो नुसता हसला. लग्नाला चार वर्षं झाली, माझ्यासाठी तो असा कधीच हसला नव्हता.