चौदा मार्चचा बॅकअप

रविवार, दुपारी दोन चाळीस. किटवे शहरातल्या एका इस्पितळाच्या सर्व्हर-खोलीचं दार आतून उघडेना.

हे खरंच घडलं आहे. दाराची नोंद आजही पाहायला मिळते.

आत चिलुफ्या म्वापे एकटीच होती. सकाळी डेटाबेस कोसळला होता आणि बॅकअपमधून तो परत उभा करायला ती आली होती. पाच महिन्यांचे बॅकअप तिने एकेक करून उघडले. रोजच्या अहवालात सगळे ‘यशस्वी’.

आत काहीच नव्हतं... नुसत्या रिकाम्या फायली.

शेवटचा भरलेला बॅकअप चौदा मार्चचा होता.

त्याच दिवशी कापांब्वे गेला. तिच्या आधी हे काम तोच करायचा. याच खोलीत, याच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला.

चिलुफ्या त्याच्याच नावाने लॉगिन करायची. नवं खातं काढायचं राहूनच गेलं होतं. म्हातारे पहारेकरी बा मुसोंडा तिला टोकायचे. मेलेल्याचं नाव घरचे विधी करून वारसाला देतात; कापांब्वेचं अजून कुणाला दिलेलं नाही, तोवर ते कुणी वापरू नये, म्हणायचे. ती हसण्यावारी न्यायची.

मार्चचा बॅकअप नीट चढला. तिने दाराला कार्ड लावलं.

लाल दिवा.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. कार्डांची यादीही त्याच डेटाबेसमध्ये होती. मार्चमध्ये ती इथे नोकरीलाच नव्हती.

आपलं नाव घालायला ती वळली, तोच वीज गेली. संगणकाचे पडदे विझले. पंखे थांबले.

दार मात्र बॅटरीवर चालू होतं.

तिने फोन लावला. बा मुसोंडा हसले. “काय गं मायो, माझे आई, तुझ्याच यंत्राने तुला कोंडलं?”

किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब चिंगोलाला. यायला दोन तास. खोलीला खिडकी नव्हती. हवा जड होऊ लागली. तिने दारावर लाथा मारल्या. दार हललं नाही.

दारावरच्या छोट्या पडद्यावर एक ओळ होती.

आत : कापांब्वे.

चौदा मार्चला तो आत आला होता. त्याच्या बाहेर जाण्याची नोंद झालीच नव्हती.

मग मागे खुर्ची करकरली...

तिने वळून पाहिलं नाही.

कुणीतरी तिच्या खांद्याला घासून पुढे गेलं. हिरवा दिवा लागला. दार उघडलं. ती धडपडत बाहेर पडली.

वीज आल्यावर तिने बाहेरच्या संगणकावरून यादीत आपलं नाव घातलं. नोंद अशी दिसली : कापांब्वे, बाहेर, तीन सव्वीस. चिलुफ्या म्वापे, आत.

ती ओळ तिने तीनदा पुसली. तिन्ही वेळा परत आली.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ती घरी जेवणासाठी मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळत होती. बा मुसोंडांचा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते.

“मायो, तू कुठे आहेस? सर्व्हर-खोलीचं दार आतून कुणीतरी वाजवतंय. यादीत तुझं नाव आहे. उघडू का?”

तिने नको म्हटलं.

सोमवार सकाळपर्यंत ते दार कुणी उघडलेलं नव्हतं.