भिंत बोलून राहिली

ड्रिल भिंतीतून सर्रकन आरपार गेलं आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "अहो... माझा शर्ट!"

विशाखा जागच्या जागी गार. पलीकडं बोळ होता ना? बोळ कुठं संपतो नि शेजारची खोली कुठं लागते, हे तिला कसं कळावं! तिच्या अप्पांनी, नरसिंगरावांनी, लातूरच्या या घरात भिंतीला कधी खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या आईवर घर कोसळलं होतं. तेव्हापासून कॅलेंडर खिडकीच्या गजाला, घड्याळ टेबलावर.

पण सोमवारपासून विशाखाला मागच्या खोलीत बसून कंपनीचं काम करायचं होतं, आणि तिथं वायफाय पोचत नव्हतं. नेट नीट चाललं नाही तर पुण्याला जावं लागणार, अप्पा एकटे पडणार. म्हणून ते मुरुडला लग्नाला गेल्याचं साधून बाईसाहेब स्वतःच पुढच्या खोलीतून बोळामार्गे मागच्या खोलीत वायर ओढायला निघाल्या होत्या.

शेजारचा नवा भाडेकरू दारात येऊन उभा राहिला. आनंदराज, शाळेत मास्तर. हातात शर्ट, शर्टाला भोक... आणि ओठांत दाबलेलं हसू.

"वायर दाराखालून न्यायची की," तो म्हणाला. "भिंत कशाला फोडून राहिलात?"

विशाखानं दाराकडं बघितलं. खाली चांगली बोटभर फट! हात्तिच्या! "आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी ओळख कुठं होती?"

दोघांनी मिळून वायर ओढली. आठ रंगांच्या बारीक तारा ती वायरीच्या टोकाच्या पिनेत बसवत होती, तो टॉर्च धरून बसला होता. टॉर्च मात्र सारखा तिच्या चेहऱ्यावर यायचा... "मास्तर, उजेड इकडं!" म्हणताना तिचे कान तापले. वायफायच्या डबीवर हिरवा दिवा लागला तेव्हा दोघंही एकदमच ओरडले. भोकापुढं तिनं पुस्तकांचं खोकं सरकवलं.

नेट झकास चाललं. खोक्यामागून मात्र रोज आवाज यायचा — "हाय का नेट?" "हाय." नेटची चौकशी तिथंच संपायची, गप्पा काही संपायच्या नाहीत. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, तेही कळलं नाही.

आणि एका संध्याकाळी, विशाखा स्वयंपाकघरात आणि अप्पा मागच्या खोलीत असताना, भिंतीनं अप्पांनाच विचारलं, "विशाखा... रागावलीस का?"

"भिंत बोलून राहिली!" अप्पा अनवाणीच अंगणात पळाले. विशाखा धावत आली, आरडाओरडा ऐकून आनंदराजही आला. अप्पांनी परत आत जाऊन खोकं ओढलं. भोक दिसलं, तसे ते दोन पावलं मागं सरले.

"आता या छताखाली मी झोपू कसा? कुणी केलं हे?"

"मी," आनंदराज पटकन म्हणाला. "विशाखाशी बोलायचं होतं म्हणून."

विशाखा थक्क! "न्हाई अप्पा, मी पाडलं. वायरसाठी. तुमाला सोडून पुण्याला जायचं नव्हतं मला."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मंग तू कशाला खोटं बोललास?"

"भोकाचं खोटं बोललो, अप्पा. पण बोलायचं होतं, ते खरं हाय. मला विशाखा आवडते."

तोंडावर, तेही अप्पांच्या! अप्पांनी भिंतीवर हात ठेवला.

"अरे मास्तरा, त्यासाठी दार हाय की! आधी सिमेंट आणून हे बुजव. मंग आई-बापाला घेऊन दारानं ये."

"सिमेंट मी आणते!" विशाखा म्हणाली, आणि अनवाणीच पळत सुटली.