उत्तरेच्या खांबापाशी

बेटिओ बंदरावरच्या आमच्या हवामान कचेरीत एकच मोठा संगणक आहे. त्यावर कुठलंही काम सुरू झालं, की ते कोणत्या गटात बसवायचं आणि किती ताकद द्यायची, हे पडद्याआड चालणारी एक छोटी सेवा आपोआप ठरवते. ती आमच्या जुन्या सहकाऱ्यानं, बुरेननं लावली. निवृत्त होण्याआधी त्यानं गटांना आपल्या गावच्या मनेआबातल्या, म्हणजे सभागृहातल्या, जागांची नावं दिली. तिथं प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली. दुसऱ्याच्या जागी कुणी बसत नाही.

माझा भाऊ काइतू ट्यूना धरायला गेला आणि परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधविमानाचा निरोप आला: इंधन एकाच फेरीपुरतं आहे, कुठं पाहायचं ते दुपारपर्यंत कळवा.

नाव कुठं वाहत गेली असेल, याचा हिशेब मी संगणकाला लावला. सेवेनं तो नियमाप्रमाणे सर्वांत मागच्या गटात बसवला. उत्तर यायला रात्र झाली असती.

"बकोआसाहेब, गट बदलू द्या," मी साहेबांना म्हणाले.

"उद्या मोठी भरती आहे, तेरेटिया. तिचा अंदाज अडला तर घराघरांत पाणी शिरेल."

"काइतू आहे हो तो!"

"मला सांगतेस? आमच्या घरी भात चापून वर माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवतो तो." त्यांनी भरतीचा तक्ता पुढं ओढला. "तरी हात लावू नकोस."

मी हात लावला नाही. बाहेर माडावर माडी काढणारा गात होता. तो मध्येच थांबला. संगणकाच्या पंख्याचा सूर चढला.

हिशेब धावू लागला होता. सेवेनं तो 'उत्तरेचा खांब' नावाच्या गटात नेऊन बसवला होता. त्या गटासाठी एकही नियम लिहिलेला नव्हता. भरतीचा अंदाजही जराही मंदावला नव्हता.

दुपारच्या आत उत्तर आलं. नाव तिथंच सापडली.

"कच्चा मासा खात होतो, तेवढ्यात विमान आलं," ओठ फुटलेला काइतू म्हणाला. "तुला ठेवला नाही, रागावू नकोस हं."

मी बुरेनला फोन केला.

"त्या खांबापाशी कुणी बसत नाही, पोरी," तो म्हणाला. "ते अख्खं घराणं समुद्रात गेलं. जागा आहे म्हणून नाव दिलं, एवढंच. तिथं मी काही बसवलं नाही."

आठवडा गेला. आज सकाळी पंख्याचा सूर पुन्हा चढला.

संगणकावर कुणीच नव्हतं. उत्तरेच्या खांबापाशी एक हिशेब चालला होता. तारीख आजची. नाव बकोआसाहेबांची. इंजिन बंद पडण्याची वेळ, दुपारची. माणसं, तीन.

मी खिडकीतून पाहिलं. साहेबांची नाव समोरच बांधलेली होती. त्यांची दोन्ही मुलं तिच्यात पेट्रोल भरत होती.

दोनच.

मग साहेब दिसले. चपला हातात घेऊन ते नावेकडे जायला पाण्यात उतरत होते.

पाणी अजून त्यांच्या घोट्यापर्यंतच होतं. मी हाका मारत धावत सुटले.

मागे पंख्याचा सूर उतरला.