विरजणाची मालकीण

सिंधूताईंनी पारखी दह्यात बुडवली आणि दांड्यावर हिरवा ठिपका उमटायची वाट पाहिली. तीन वर्षांपूर्वी हे तपासणीचे चमचे घरोघर आले आणि दही बिघडलं का ते नाकाने ठरवायचे दिवस संपले. पारखी पदार्थातले जीवाणू ओळखायची, त्यांची जनुकं वाचून सरकारी नोंदवहीत धाडायची आणि घातक काही सापडलं तर लाल व्हायची.

"चार दिवसांचं आहे. फ्रीजबाहेरचं," त्या सुनेला, हेमांगीला म्हणाल्या. "तरी आंबलं नाही."

भुसावळात सकाळी दहालाच पारा त्रेचाळीसवर गेला होता. अशा उन्हाळ्यात इतरांचं दही दुपारपर्यंत फसफसायचं. त्यांच्या घरच्या फेगडे डेअरीचं तेवढं टिकायचं. म्हणूनच एक मोठी अन्नकंपनी त्यांचं विरजण वापरायचा हक्क मागत होती. सोमवारी सही होती.

त्याआधी हेमांगीला दुसरी एक सही हवी होती. नवऱ्याची, सहजीवन करारावर. लग्नानंतरही नवरा-बायकोला आपापली मालमत्ता, मिळकत आणि जबाबदाऱ्या लिहून घेता येतील असा कायदा झाल्याला दोन वर्षं झाली होती. लोक अजून त्याला घटस्फोटाची पूर्वतयारी म्हणत.

"चार वर्षं संसार झाला आणि आता कागद," तुषार म्हणाला. "माझ्यावर भरवसा नाही का, हेमा?"

"तुझ्यावर आहे. उद्यावर नाही." हेमांगीने दहा महिन्यांच्या रेवाच्या तोंडातून बाटलीचं झाकण काढून घेतलं. "हिच्यासाठी मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. उद्या काही झालं तर माझ्याजवळ काय आहे, सांग. मिक्सर?"

तुषारने टॅब्लेट टेबलावर उभा केला. पडद्यावर मध्यस्थ सुरू झाला. करार लिहून घेणारी, कोणाचीच बाजू न घेणारी ही यंत्रणा कौटुंबिक न्यायालयानेच पुरवली होती.

"पहिला रकाना," मध्यस्थ म्हणाला. "कोणी काय आणलं?"

तुषारने सांगितलं: डेअरी, घरातला हिस्सा, आजीपासून चालत आलेलं विरजण. हेमांगीने सांगितलं: सहा तोळे, कपाट, मिक्सर.

"विरजण सजीव आहे. वाचन करावं लागेल."

तुषारने पारखी पडद्याला टेकवली. नोंदवहीत देशभरातल्या स्वयंपाकघरांची वाचनं होती. त्यांतून एखाद्या विरजणाचे नातलग शोधायला मध्यस्थाला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

"या विरजणाचा फेगडे कुटुंबाशी संबंध दिसत नाही. श्री. तुषार यांच्या जळगावच्या काकूंकडे जुनं फेगडे विरजण आहे, ते वेगळं आहे. याचं सर्वांत जवळचं वाचन वरणगावच्या कारखाना वसाहतीतलं, क्वार्टर चौदा."

ते हेमांगीचं माहेर होतं.

सिंधूताईंनी टेबल पुसता पुसता हात थांबवला. "काय म्हणतंय हे?"

हेमांगीने रेवाला घट्ट धरलं. "आई, माझ्या लग्नाला वीस दिवस झाले होते. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला जळगावला होतात. नऊ तास वीज गेली. भांडं उघडलं तर तार सुटलेली, वर गुलाबी थर. लॅबमध्ये काम केलेलं, मला कळत होतं ते काय आहे. फेकलं. वरणगावहून वाटीभर आणलं आणि लावलं."

"माझ्या सासूचं विरजण तू फेकलंस."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"वीस दिवसांची सून काय बोलणार होती?"

सिंधूताई उठून आत गेल्या. आत भांड्यांचा मोठा आवाज झाला.

तुषारने आवाज खाली आणला. "पाटीवर 'पन्नास वर्षांची परंपरा' लिहिलंय, हेमा. कंपनीलाही तेच सांगितलं." मग तो पडद्याकडे वळला. "ही नोंद माझ्याच नावे ठेवता येईल?"

"दोघांची संमती असेल तर. मग विरजणाविषयीचे सगळे निर्णय तुमचे. सौ. हेमांगींचा त्यावर हक्क राहणार नाही."

"पैसा घरातच येणार आहे ना," तुषार म्हणाला. "आईचं मन तरी राहील."

हेमांगीने रेवाकडे पाहिलं. ती टेबलाची कड चावत होती. हो म्हणणं सोपं होतं. वीस दिवसांच्या सुनेनेही सोपं तेच केलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या नावावर लिहा."

"बरोबर आहे तिचं." सिंधूताई दारात उभ्या होत्या. डोळे लाल होते. "मला वाटायचं म्हशींचा चारा बदलला, म्हणून चव सुधारली. चार वर्षं गावभर मिरवत होते, माझ्या हातचं म्हणून." त्या खुर्चीत बसल्या. "फेकलंस याचा राग आहे, बाई. तो लवकर जायचा नाही. पण तेव्हा आणलं नसतंस तर आज ही कंपनी आपल्या दारात कशाला आली असती? लिही रे, तुषार."

"आणि पाटी?"

"रंगवायला दोन तास लागतात."

तुषारला हसू आवरलं नाही. डेअरी त्याची राहिली, विरजण तिचं झालं. कंपनीचा मोबदला तिच्या खात्यात, त्यातला तिसरा हिस्सा रेवासाठी.

"आणखी काही अट?" मध्यस्थाने विचारलं.

हेमांगीने वरणगावला फोन लावला. आई म्हणाली, विरजण शेजारच्या मंडलकाकूंचं. कारखान्यात बदली होऊन बंगालहून आल्या, तेव्हा मडक्यातून आणलेलं. त्यांना कोणी दिलं, देव जाणे.

"मग अट अशी," हेमांगी सावकाश म्हणाली. "कंपनीने हवं तितकं दही बनवावं, विकावं. पण घरच्या वापरासाठी जो वाटी घेऊन दारात येईल त्याला विरजण द्यायचं. कंपनीने ते अडवायचं नाही."

"कंपनी पळून जाईल," तुषार म्हणाला.

"जाऊ दे. विरजण इथेच राहील."

तिने तेच कंपनीला कळवलं, मालकीण बदलल्याच्या बातमीसकट. दुपारी उत्तर आलं. तुषारने ते दोनदा वाचलं. वाट्यांची त्यांना भीती नव्हतीच, दुसऱ्या कंपन्यांची होती. अट मान्य. सोमवारी सहीला सौ. हेमांगी फेगडे यांनी यावं.

"मालकीणबाई," तुषार म्हणाला, "चहा घेणार?"

"साखर कमी," हेमांगी म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा पाय लांब करून बसली.

संध्याकाळी शेजारच्या झांबरेकाकू वाटी घेऊन आल्या. सिंधूताईंनी भांडं उघडलं, मग पारखी सुनेच्या हातात दिली. "तुझं आहे. तू दे."

हेमांगीने वाटीत विरजण घातलं. पारखीचा दांडा लुकलुकला, त्यावर अक्षरं उमटली: दिल्याची नोंद करायची का?

ती थांबली. नोंद नव्हती म्हणून मंडलकाकूंना विरजण देणारीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. नोंद होती म्हणून आज तिचं स्वतःचं नाव कागदावर होतं. कडेवरच्या रेवाने लुकलुकत्या दिव्याकडे हात नेला. उद्या ही वाटी घेऊन दुसऱ्या घरी गेली, तर 'हे मी आणलं' म्हणायला हिला चार वर्षं थांबावं लागू नये. हेमांगीने दांड्यावर 'हो' दाबलं.