रुईचं आवतण

कंदील जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि मध्येच कुणी हसायचं नाही, सांगून ठेवतो. त्रिंबकला मी पाहिलेला आहे. त्याच्या हातचा हुरडा खाल्लेला आहे.

निजामाचं राज्य होतं. फसली तेराशे सव्वीस, भादव्यातली काळी चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. सिरसाळ्याजवळच्या एका वाडीतून त्रिंबक रात्री रुई आणायला निघाला. लग्न न होता कुणी मेला, तर चितेआधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, नाहीतर तो घुटमळत राहतो, अशी तिकडची रीत. मेला होता सटवा, ऐन पंचविशीत. पहाटे त्याला न्यायचं होतं, आणि नवरी अजून ओढ्याकाठी उभी होती.

त्रिंबक आणि सटवा एकाच विहिरीवर मोट हाकायचे. दोघांचा एकमेकांवर जीव होता. दोस्तीतला म्हणू नका. नवरा-बायकोचा असतो तसला. गावात असल्या नात्याला नाव नव्हतं, फक्त शिव्या होत्या, म्हणून दोघं लपून भेटायचे. पोळ्याच्या सांजेला कडब्याच्या गंजीआड कुणीतरी त्यांना पाहिलं. लगेच पारावर माणसं जमली. त्रिंबकची पाचावर धारण बसली.

"ह्योच माझ्या मागं लागतो," तो सटवाकडं बोट करून म्हणाला. "मी तसला न्हाई."

सटवानं एकदाच त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. लोकांनी त्याचा पटका उतरवला, त्याला वाडीबाहेर काढलं. माळावरच्या खोपटात तो उघड्या भुईवर निजायचा. तिथंच त्याला पान लागलं, जनावर डसलं. त्याचं खरं नाव रात्री घेत नाहीत.

रुई कुणी आणायची, असं निघालं तेव्हा त्रिंबकचा चुलता धुळाजी चारचौघांत म्हणाला, "तिरंबका, तू जा. तू तसला न्हाईस ना बे? मग भेतोस कावून?"

आता जाण्यावाचून गत्यंतर होतं का?

खरं सांगायचं तर वाटेत त्याला भुताचं भय नव्हतं. लाज होती. सटवाचं तोंड बघायचीसुद्धा त्याची छाती झाली नव्हती. प्रेत आईच्या घरी आणलं होतं, तिथं तो दारातूनच माघारी फिरला होता. चालताना त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, पारावरचा.

ओढ्यापाशी रुईचं झुडूप होतं. उपटायच्या आधी तिला अक्षता टाकून आवतण द्यायचं, आणि आपण नवरदेवाचे कोण लागतो ते सांगायचं. भाऊ, मामा, जो असेल तो. त्रिंबकनं अक्षता टाकल्या.

"चल बाई, सटवाची नवरी होऊन चल. मी त्याचा..."

तो अडला. आसपास चिटपाखरू नव्हतं. निदान तिथं तरी खरं बोलायला काय जात होतं? पण जिभेला सवय लागली होती, पोरांनो.

"मी कुनी न्हाई त्याचा."

रातकिडे थांबले.

ओढ्याचा आवाज थांबला.

मागं कुणीतरी उभं होतं...

"सटवा...?"

...

"सटवा, भ्यालो रं मी. चुकलं माझं..."

...

मानेवर हात आला. गार. ओला. गळा दाबायला नव्हे. नुसता ठेवलेला.

मग तो हात गेला.

त्रिंबकनं रुई मुळासकट उपटली आणि धूम ठोकली.

सटवाच्या घरी पोचला तेव्हा त्याची आई छबुबाई जात्यापाशी बसली होती. हळकुंडं नुकतीच जात्यात पडली होती; हळद अजून कुणाच्या बोटालाही लागली नव्हती. त्रिंबकनं वाकून रुई खाली ठेवली, आणि बायांच्या नजरा त्याच्या मानेवर खिळल्या.

"मानंवर काय हाय बे?" धुळाजीनं विचारलं.

छबुबाईनं दिवा जवळ आणला. पाच बोटं उमटली होती. पिवळीधमक.

"कुनाचा हात ह्यो? बोल की!"

सगळे बघत होते. त्रिंबकनं तोंड उघडलं. मिटलं. तेव्हासुद्धा नाही बोलला तो.

छबुबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग लेकाच्या प्रेताकडं. रुई पायानं बाजूला सारली.

"उचला त्याला," ती म्हणाली. "लगीन लागलंय माझ्या लेकाचं."

पुन्हा तिनं त्रिंबककडं कधी पाहिलं नाही. तो राखेनं मान घासायचा, विटेनं घासायचा, कातडी निघेस्तोवर. जन्मभर मानेला फडकं गुंडाळून हिंडला. लग्न केलं नाही.

तो गेला तेव्हा त्याला शेवटची आंघोळ घालायला मी होतो. फडकं सोडलं. बाकीचे मागं सरले. मी बोट लावून पाहिलं...

हळद ओली होती.