डावीकडच्या मांडणीतले उंदीर

धाकट्या भावाचा पांढरा कोट बादलीत बुडवण्याआधी ताईने सवयीने खिसा चाचपला, आणि बोटांना दोऱ्याचे दोन तुकडे लागले... कात्रीने कापलेले, आणि दोन्हींवर तिचीच गाठ! बावीस वर्षं हळदीच्या गिरणीत पोत्यांची तोंडं बांधता बांधता बोटांत बसलेली ती गाठ काही केल्या सुटत नसे, ती कापावीच लागे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या दोन मांडण्यांवर चिठ्ठ्या बांधायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने त्याच गाठीने बांधल्या होत्या. डावीकडे 'क', उजवीकडे 'ख'.

"ताई, दुसरा कोट इस्त्री झाला का? दहाला लिफाफा उघडायचाय," आतून धाकट्याने विचारलं.

तिच्या छातीत ओळखीची कळ उठली होती आणि खोकला आवरेपर्यंत तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

प्रयोग तसा सरळ होता. धुराने फुफ्फुसं दुखावलेले चोवीस उंदीर, बारा डावीकडे, बारा उजवीकडे. 'क' आणि 'ख' लिहिलेल्या दोन बाटल्या, दोन्ही पिवळ्याधमक. एकीत हळदीतून काढलेलं सत्त्व, दुसरीत नुसतं रंगवलेलं तेल. कुठल्या बाटलीत काय, हे फक्त प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना आणि त्यांच्या बंद लिफाफ्याला ठाऊक. औषध पाजणाऱ्या धाकट्यालाही नाही. कुणाच्या मनातली आशा त्याच्या हाताला लागू नये, म्हणून ही खबरदारी.

पण शहाण्यासुरत्या माणसांच्या या बंदोबस्तात धुणंभांडी करणाऱ्या बाईचा विचार कुणीच केला नव्हता. पिंजऱ्यांखालचे ट्रे ताई घासत असे, आणि डावीकडच्या ट्रेंवर सोड्याचं पाणी पडलं की पिवळे डाग लालभडक होत. उजवीकडचे पिवळेच राहत. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे काय कुणी लिफाफ्यात घालून ठेवायचं असतं? खरं औषध डावीकडे होतं, आणि डावीकडचे बारापैकी नऊ उंदीर मेले होते. उजवीकडचे तीनच.

म्हणजे धाकट्यालाही ते कळलं होतं, आणि म्हणूनच त्याने गाठी कापून चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. का नाही कळणार! सहा वर्षांचा असताना गिरणीतले तिचे कपडे ती धुवायला बसली की तो दगडाशेजारी उकिडवा बसून राही, साबण लागून पिवळ्याचं लाल झालं की टाळ्या पिटी, "पुन्हा कर ना, ताई!" म्हणे. आई-वडील गेल्यावर त्याची शाळा, त्याचं कॉलेज, त्याची मोठी पदवी, सगळं त्याच हळदीच्या धुरळ्यातून उभं राहिलं होतं, आणि तोच धुरळा आता तिच्या छातीत ठाण मांडून बसला होता.

तिने ते दोन तुकडे त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले.

त्याने पाहिलं आणि कप खाली ठेवला. "तुला कळायला नको होतं."

"माझीच गाठ मला कळायची नाही?"

"हे बघ, आज निकाल वाईट आला तर प्रयोग बंद. चांगला आला तर पुढचा टप्पा, नवे उंदीर, तेव्हा सगळं नीट करता येईल. डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? फार तर दोन वर्षं... मला वेळ हवाय, ताई. तुझ्यासाठीच करतोय हे."

"माझ्या नावावर नको खपवूस."

तो कपाकडे बघतच म्हणाला, "कुणी विचारलंच, तर सफाई करताना तुझ्या हातून चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या, मी सरळ केल्या, असं सांगू. तुझी चूक कुणी मनावर घेणार नाही."

हे मात्र तिच्या काळजात घुसलं. त्यानेच तिला तिथे कामाला लावलं होतं, पण आपलं नातं सांगायचं नाही, या अटीवर. वशिला म्हणतील, अशी त्याला भीती होती. तिथे सगळेच तिला ताई म्हणत, त्यामुळे तो ताई म्हणाला तरी कुणाच्या लक्षात येत नसे. चार वर्षं ती भावाला सर म्हणत आली होती. एवढं करून शेवटी हे...! तिने इस्त्री केलेला कोट त्याच्या हातात दिला.

दहा वाजता प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर लिफाफा फोडला. औषध 'क' बाटलीत होतं, आणि 'क'ची चिठ्ठी उजव्या मांडणीवर लटकत होती. बारापैकी नऊ उंदीर जिवंत! टाळ्या वाजल्या, कुणी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात नोंदी ठेवणारी मुलगी चाचरत म्हणाली, "पण बाई... मी रोज नुसतं डावी-उजवी लिहिते, तरी मला वाटतंय 'क' डावीकडे होता."

धाकटा घसा खाकरून म्हणाला, "सफाईत चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या. मी सरळ केल्या."

बाई ताईकडे वळल्या. "ताई, असं झालं होतं?"

सगळ्या नजरा तिच्यावर खिळल्या, धाकट्याची सोडून. तो जमिनीकडे बघत होता. लहानपणी फुलदाणी फोडून तो अस्साच उभा राहायचा, आणि तिने म्हणावं, माझ्याकडून फुटली. आयुष्यभराची सवय ती, एका सकाळीत कुठून सुटणार!

"हो," ती म्हणाली. "माझीच चूक."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. तो तिला ऐकू आला, आणि तिच्या मनात काहीतरी तुटलं. ती टेबलापाशी गेली, 'क'ची बाटली उचलली आणि झाकण फिरवलं.

"एवढं गुणाचं औषध आहे, तर मला आजच घेऊ द्या, बाई. माझी फुफ्फुसंही त्यांच्यासारखीच झाली आहेत."

हे नाटक होतं की खरंच, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती त्याच्याकडे बघत होती. यानेही जर मला अडवलं नाही, तर मग वाचून तरी काय करायचं... तिने बाटली ओठांना लावली.

"ताई, नको!"

त्याने झडप घातली. बाटली तिच्या एप्रनवर उपडी झाली, जमिनीवर पडून फुटली. त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

"नऊ मेलेत याने, बाई! चिठ्ठ्या मी बदलल्या. हिची काही चूक नाही. ही..." तो बाईंकडे वळला. "ही माझी बहीण आहे. सख्खी मोठी बहीण. हिच्या जिवावर मी शिकलो."

प्रमुख बाई खुर्चीत बसल्या. त्या म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही येऊ नका. वरिष्ठांना काय कळवायचं, ते मी कळवेन. प्रयोग इथेच संपला."

"संपला कसा?" ताई म्हणाली. बाईंसमोर ती पहिल्यांदाच असं मध्ये बोलत होती. "पहिले दोन आठवडे डावीकडचेच टवटवीत होते. खात होते, अंग चाटत होते, उजवीकडचे धापा टाकत होते. सरांनी... यांनी घाईने दोन्हीकडची मात्रा दुप्पट केली, तेव्हापासून डावीकडचे गळायला लागले."

"हे कुणी लिहून ठेवलंय?"

"मला लिहायला कुणी सांगितलं नाही. पण मेले त्या दिवसांच्या नोंदी हिच्याकडे असतीलच."

मुलीने वही उघडली, पानं मागे उलटली आणि बोट ठेवून बाईंना दाखवलं. मात्रा वाढवण्याच्या आधी डावीकडे एकही मृत्यू नव्हता. बाईंनी पेन उघडलं. "बसा, ताई. पहिल्या दिवसापासून सांगा. यावरून काही सिद्ध होत नाही, पण पुन्हा करून बघण्यासारखं आहे."

ती सांगत राहिली. दम लागला की थांबे, पुन्हा सांगे. कोपऱ्यात उभ्या धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि जे काम त्याच्या हातून कायमचं गेलं होतं, ते त्याच्या डोळ्यांदेखत नव्याने सुरू होत होतं.

ती उठली तेव्हा त्याने तिचा एप्रन मागून घेतला आणि ट्रे घासायच्या हौदावर नेला. नोंदीवाली मुलगी म्हणाली, "राहू द्या, सर, तो मी धुते." त्याने मान हलवली, सोड्याचं पाणी ओतलं आणि बाह्या न सरसावताच घासायला घेतलं. पिवळा डाग बघता बघता लाल झाला.

"निघणार नाही तो," ताई मागून म्हणाली. "घरी चल."

"निघेल. तू बस."

ती स्टुलावर बसली, आणि तो घासत असताना त्याच्या ओल्या बाह्या एकेक करून वर दुमडत राहिली.