कुंभारणीचा करडा चिखल

वाचक मायबापहो! प्रस्तुत कथेत बोटाच्या पेराएवढ्या एका माशीचे छायाचित्र मिळविण्यासाठी तीन माणसांनी केलेल्या मोहिमेचे, त्या मोहिमेत ओढवलेल्या संकटाचे आणि एका माणसाच्या मनात दडून बसलेल्या मत्सराचे वर्णन क्रमाने केले जाणार आहे. वाघ-सिंह यात नाहीत. तरीही जीव जाण्याची वेळ आली होती, हे आरंभीच नमूद करतो.

लातूर हा नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या सालची ही हकिकत. पावसाने पाठ फिरविली होती. अशा दिवसांत मुखेड, जळकोट, मुरुड व लातूर येथील आठ शौकीन माणसांचे एक मंडळ होते. किडामुंगीचे अगदी जवळून फोटो काढणे, हा त्यांचा छंद. त्यांचा एक जाडजूड अल्बम होता, तो एस.टी.ने गावोगाव फिरे. ज्याच्या घरी अल्बम जाई त्याने डाव्या पानावर आपला एक फोटो चिकटवायचा, आणि इतरांच्या फोटोंसमोरील उजव्या पानांवर आपला अभिप्राय सहीनिशी लिहायचा, असा दंडक होता. अल्बमखेरीज एक डबाही फिरे, तो एकेका घरी महिनाभर राही. त्यात पितळी कड्यांचा संच होता. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये त्या कड्या बसविल्या, की मुंगीच्या मिशासुद्धा दोरखंडासारख्या दिसत. संच एकच, माणसे आठ. म्हणून मंडळाचा दुसरा दंडक असा, की ज्याच्याकडे कड्यांचा महिना, त्याचा डाव पहिला; आणि सोबत्याने त्याच्यासाठी आरसा धरून उजेड पाडावा.

जळकोटचा गुरुलिंग घड्याळे दुरुस्त करी आणि दुकानाच्या मागे फोटो धुई. हात स्थिर, नजर बारीक. परंतु अल्बममध्ये वाहवा होई ती मुखेडच्या शेषेरावाची! हा शेषेराव एका दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याच्या नाकतोड्यापुढे सात जणांनी सात ओळी लिहिल्या, त्याच्या चतुराच्या डोळ्यांपुढे तर पान अपुरे पडले. गुरुलिंगाच्या पानांसमोर मात्र "छान", "ठीक", "प्रयत्न चांगला". गुरुलिंग ते पान रात्रंदिवस मनात वाची. शेषेरावाच्या फोटोखाली तो स्वतः एकच शब्द लिही: "पाहिले."

त्या साली नव्या जिल्ह्याचे पहिले प्रदर्शन लातुरात भरायचे ठरले. मंडळाचा एक फोटो तेथे मोठा करून लागणार होता. विषय ठरला, दुष्काळात तग धरणारा जीव. गुरुलिंगाने तातडीने मंडळाचे चिटणीस, मुरुडचे गुरुबसप्पा, यांना पत्र धाडले, की मुखेड हे नांदेड जिल्ह्यात मोडते, सबब शेषेरावांचा फोटो धरू नये. चिटणिसांनी एका ओळीत उत्तर दिले: "अल्बमला जिल्हा नसतो." त्या ओळीने गुरुलिंगाला दोन दिवस जेवण गेले नाही.

अशातच डिंक विकायला आलेल्या धोंडाबाईने दुकानात बातमी दिली. मुखेड आणि जळकोट यांच्या मधल्या डोंगरातील घुबडदऱ्यात, एका कपारीखाली, कुंभारीण माशी मातीचा माठ घडवीत होती. भर दुष्काळात! गुरुलिंग हरखला. जागा त्याला ठाऊक झाली, पण कड्यांचा महिना शेषेरावाचा. अखेर नाइलाजाने त्याने शेषेरावाला निरोप पाठविला.

पहिल्या गाडीने दोघे फाट्यावर उतरले. धोंडाबाई काठी घेऊन उभीच होती.

"येवढ्या माशीपायी दोन बाप्ये?" ती म्हणाली. "म्हैस हरवली असती तर गाव आणलं असतं जणू."

"मावशी, म्हैस समद्यांनी बघितलेली असते," शेषेराव हसून म्हणाला. "माशीचं तोंड कोनी बघितलंय?"

धोंडाबाईला ते बोलणे आवडले. गुरुलिंगाला तेही टोचले. आपल्या ओळखीच्या बाईलासुद्धा याने चार पावलांत आपलीशी केली, असे त्याच्या मनाने घेतले.

दरा म्हणजे जणू भाजून फुटलेले मडके. पळसाला पान नव्हते, ओढ्याच्या पात्रात धोंडे पांढरे पडले होते, आणि जिकडेतिकडे वाळल्या बाभळींचे काटे पसरले होते. वाटेत अशाच एका काट्याने घात केला. शेषेरावाच्या खांद्यावरील पाण्याची छागल टर्रकन फाटली, आणि बघता बघता मातीने सारे पाणी पिऊन टाकले. आता तिघांत गुरुलिंगाची एकच छागल उरली.

"जपून प्या," धोंडाबाई म्हणाली. "या दऱ्यात दिवाळीपासून थेंब न्हाई. माझ्या वस्तीबिगर पानी न्हाई, आन वस्ती मागं ऱ्हायली दोन कोस."

उन्हे वर येता येता तिघे कपारीशी पोहोचले. आणि दिसला माठ! लिंबोळीएवढा, गोल, अर्धा घडलेला. काळ्या-पिवळ्या अंगाची कुंभारीण तोंडात चिखलाची गोळी घेऊन येई, कडेला लावी, पायांनी थापी आणि भुर्रकन उडून जाई. धोंडाबाई डिंक शोधायला वरच्या अंगाला निघून गेली. शेषेरावाने कड्या चढविल्या. गुरुलिंगाने आरसा धरला.

आरसा धरणे सोपे नसते. हात थरथरला की उजेड थरथरतो. प्रतिस्पर्ध्याच्या फोटोवर आपण आपल्या हाताने ऊन पाडतो आहोत, हा विचार गुरुलिंगाला पोळू लागला. शेषेराव खटका दाबी आणि पुटपुटे, "वा, अप्पा, काय उजेड दिला!" प्रत्येक स्तुती त्याला काट्यासारखी लागे.

"हात भरून आला," असे सांगून त्याने आरसा धोंड्याला टेकवून ठेवला आणि छागल घेऊन तो दहा पावले दूर बसला. तेथे त्याच्या मनात एक कल्पना आली. माशीला चिखल हवा. आपण येथे ओल केली तर ती येथे उतरेल. चिखल उचलताना कुंभारीण! असा फोटो मंडळात कुणाकडेही नाही. शेषेरावाचा डाव संपला, की आपण कड्या घेऊन येथेच दबा धरू.

त्याने तांबड्या मातीवर ओंजळभर पाणी ओतले. माशी वरून गेली, उतरली नाही. आणखी एक ओंजळ. ऊन ती ओल चाटून घेई. आणखी एक. आता येईल, आता नक्की येईल! ओंजळीमागून ओंजळ गेली. मत्सर आंधळा होऊन ओतत होता, आणि छागल हलकी होत होती.

इतक्यात धोंडा निसटल्याचा आवाज आला!

शेषेराव ज्या दगडावर चढून फोटो घेत होता तो दगड घरंगळला. कॅमेरा छातीशी धरून तो पाठीवर आदळला. गुरुलिंग धावला. घोटा क्षणात टम्म सुजला होता. त्याने शेषेरावाला ओढून कपारीच्या सावलीत, त्या ओल्या मातीच्या अलीकडे, आणून निजविले.

"अप्पा, घोटभर पानी द्या."

छागलीतून निघाला तो एकच घोट.

धोंडाबाई परतली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. तिने छागल उचलून झटकली.

"पानी कुठं गेलं?"

"कलंडली," गुरुलिंग म्हणाला.

धोंडाबाईने तांबड्या मातीतली ओल पाहिली, आणि गुरुलिंगाचे तोंड पाहिले. पदराने ती शेषेरावाला वारा घालू लागली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. अंग तापत होते, पण घाम येत नव्हता.

"वस्तीवर जाऊन यायला मला दिवस मावळल," ती म्हणाली. "तवर हे न्हाई दम धरनार."

शेषेरावाने डोळे किलकिले केले आणि कॅमेऱ्याच्या कड्या सोडवून पुढे केल्या. "अप्पा, माझा डाव झाला. आता तुमचा. माठाचा गळा घडवून राहिली ती. गळा झाला की संपलं."

गुरुलिंगाने कड्या घेतल्या. लाज आणि हाव, दोन्ही एकदम छातीत दाटल्या. त्याने आपल्या कॅमेऱ्याला त्या बसविल्या आणि डोळा लावला. समोर कुंभारीण! माठाच्या तोंडाला ती सुबक कड काढीत होती. असा फोटो जन्मात एकदाच मिळतो. बोट खटक्यावर गेले.

आणि त्याला दिसला चिखल.

तिच्या तोंडातील गोळी ओली, चकाकणारी होती. आणि ती तांबडी नव्हती. करडी होती! सगळा माठच करडा होता. दऱ्यात माती तर तांबडी. म्हणजे ही कुंभारीण दुसरीकडून, जवळूनच, ओला चिखल आणत होती. जिथे ओला चिखल, तिथे पाणी!

माशी उडाली. ती कोणीकडे जाते हे पाहायचे, तर डोळा भिंगावरून काढायला हवा होता. त्याने डोळा काढला. खटका दाबलाच नाही.

कड्या त्याने शेषेरावाच्या हातात ठेवल्या, रिकामी छागल खांद्यावर टाकली आणि तो धावला. वाळक्या पळसापर्यंत माशी दिसली, पुढे हरवली. तो पळसाशी थांबला. उलट फेरीत ती डोक्यावरून गेली. पुन्हा आली तेव्हा तो दुभंगलेल्या खडकापर्यंत तिच्यामागे पळाला. अशा टप्प्याटप्प्याने शोध चालला. पण प्रत्येक फेरीला तिकडे गळा पुरा होत होता! गळा झाला की माशी चिखलाला येणार नाही. मग वाट दाखविणार कोण?

घसरण लागली. मुरूम पायाखालून सुटला. गुडघे फुटले. तो चढला. पुन्हा वाट पाहिली. माशी आली नाही. शंभर मोजले. आली नाही. घशाला कोरड, कानात शिट्टी. तो मटकन बसला.

आणि आली! शेवटची फेरी असावी. समोरच्या उंबराच्या मुळाशी ती खाली गेली. गुरुलिंग हातापायांवर सरपटत तेथे पोहोचला. मुळाखाली कातळाला बोटभर भेग होती. भेगेत करडी माती, आणि मातीवर थेंब थेंब झिरपणारे, गार, स्वच्छ पाणी!

भेगेत ओंजळ जाईना. त्याने खिशातील फिल्मची डबी रिकामी केली आणि ती आत सरकविली. डबी भरली की छागलीत, पुन्हा डबी. एक थेंबही त्याने आधी स्वतः प्यायला नाही, हे त्याच्या बाजूने लिहिलेच पाहिजे.

तो परतला तेव्हा गळा पुरा झाला होता, आणि कुंभारीण नव्हती. शेषेराव कुशीवर पडून कॅमेऱ्याला डोळा लावून होता.

"हळू या, अप्पा," तो कसाबसा म्हणाला. "उडतील."

गुरुलिंगाने सांडलेल्या ओलीवर बोटाच्या नखाएवढी निळी फुलपाखरे उतरली होती. वीस असतील, तीस असतील. पंख मिटून, सोंडा मातीत खुपसून, सगळी पाणी पीत होती. करपलेल्या त्या दऱ्यात एवढाच निळा तुकडा होता. खटका वाजला.

माझे पाणी आणि त्याचा फोटो! एवढ्या तहानेतही गुरुलिंगाला तो डंख बसलाच. मग त्याने शेषेरावाचे डोके मांडीवर घेतले आणि छागल त्याच्या तोंडाला लावली. दोघे प्याले, धोंडाबाई प्याली.

"मी पाहिलं होतं," शेषेराव हळूच म्हणाला. "वरून, दगडावरून. तुम्ही ओतून राहिले होते तवा."

"मग बोलला का नाही?"

"तुमच्या जागी मी असतो तर मी बी तेच केलं असतं, असं वाटलं."

उन्हे कलल्यावर त्याला मधोमध धरून तिघे वस्तीवर पोहोचले.

महिना सरता सरता अल्बम जळकोटला आला. डाव्या पानावर निळी फुलपाखरे होती. उजवीकडे पाच जणांचे अभिप्राय होते. गुरुलिंगाने लेखणी बुडविली, पण "पाहिले" लिहिले नाही. त्याने लिहिले: "ही ओल पावसाची नाही. तिघांच्या पिण्याचे पाणी मी मत्सराने सांडले, आणि छागल कलंडली असे खोटे सांगितले. तहानेल्या शेषेरावांनी त्याच ओलीतून हा फोटो काढला. अगदी डावीकडच्या फुलपाखराचा पंख किंचित हलला आहे. बाकी फोटो मंडळात सर्वोत्तम." खाली पूर्ण नाव लिहून सही केली. पंखाची गोष्ट त्याला गाळवली नाही. मत्सर मुळासकट गेला असे लिहिले, तर तेही खोटेच ठरेल.

चिटणिसांनी प्रदर्शनात फोटोशेजारी ते उजवे पानही जसेच्या तसे लावले. नव्या जिल्ह्यातील माणसे आधी फुलपाखरे पाहात, मग पान वाचीत, मग पुन्हा फुलपाखरे पाहात. गुरुलिंग खांबाशी उभा होता. लंगडत आलेला शेषेराव त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि नव्या महिन्याच्या कड्यांचा डबा त्याने गुरुलिंगाच्या हाती दिला.

प्रदर्शन पाहायला आलेल्या धोंडाबाईला पान वाचता येत नव्हते. कुणीतरी तिला ते वाचून दाखविले. तिने चित्राकडे बराच वेळ पाहिले.

"ह्याच्यात माझ्या वाटनीचं बी पानी हाय," ती म्हणाली. "लई झ्याक दिसून राहिलं."

ही हकिकत अल्बमची ने-आण करणाऱ्या एस.टी.च्या वाहकाने जशी ऐकली व त्या पानावर वाचली, तशी लिहिली. शाळा फार झाली नाही, लेखणी अडखळली असेल, ते पोटात घालावे. वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
रामकिशन मोतीराम इंगोले, मुखेड